सदाफुलीतील अल्कलॉइडे : कोशिकांवरील परिणामांचा इतिहास

सदाफुली (लॅ. कॅथरँथस रोझियस, कुल–ॲपोसायनेसी) ही मूळची मादागास्करमधील वनस्पती. ती भारतात सर्वत्र रुळली असून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या पर्जन्यछायेतील तालुक्यांतही अंगणात व पडीक जागी आढळते. कमी पाण्यावर ती तग धरते. पाने कडू व विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. हा विषारीपणा तिच्यातील अल्कलॉइडांमुळे (नायट्रोजनयुक्त क्षारधर्मी संयुगांमुळे) येतो.

अनेक देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घरगुती औषध म्हणून वापरीत. कॅनडातील आर. एल. नोबल व सी. टी. बिअर यांनी जमेकातून आलेल्या पानांची त्या दृष्टीने तपासणी केली. अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर घटली नाही. मात्र श्वेत कोशिका झपाट्याने कमी होऊन काही उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. या अनपेक्षित विषबाधेचा मागोवा घेऊन १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हे अल्कलॉइड उजेडात आले. अमेरिकेत जी. एच. स्वोबोडा व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच वनस्पतीचा अभ्यास करीत होते. त्यांनी वेगळे केलेल्या व्हिन्क्रिस्टिनाला १९६३ मध्ये तेथे मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील संयुक्त उपचारांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

ही अल्कलॉइडे कोशिकेतील ट्युब्युलीन या प्रथिनाशी बद्ध होतात. त्यामुळे सूक्ष्मनलिका व त्यांपासून होणारा तर्कू तयार होत नाही, रंगसूत्रे विभागली जात नाहीत आणि विभाजन मध्यावस्थेतच थांबते. झपाट्याने विभागणाऱ्या कर्ककोशिका यामुळे मरतात. परंतु निरोगी कोशिकाही सुटत नाहीत. व्हिन्ब्लास्टिनाने मुख्यतः अस्थिमज्जेला, तर व्हिन्क्रिस्टिनाने तंत्रिकांना इजा पोहोचते.

सदाफुलीच्या अर्काला प्रतिऑक्सिडीकारक गुणही आहे. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यातील फिनॉलिक संयुगांकडे जाते. काही अल्कलॉइडेही, उदा., चिलीतील बोल्डो वृक्षातील बोल्डीन, मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात. तथापि परीक्षानळीत दिसणारा हा गुण शरीरात तसाच दिसेल असे नाही, आणि त्यामुळे विषारीपणा नाहीसा होत नाही.

वाळलेल्या पानांत ही दोन्ही औषधी अल्कलॉइडे अत्यल्प असतात व त्यांचे प्रमाण रोपागणिक बदलते. शुद्ध औषध मोजून शिरेतून देतात; काढ्यात मात्र कोणते अल्कलॉइड किती उतरले, हे कळत नाही. म्हणून अंगणातील पाने मधुमेहावर वा कर्करोगावर घरी वापरणे धोक्याचे ठरते.