शिराजचं नाव नाशिकला कसं आलं

नाशिकच्या लाल वाइनच्या बाटलीवर पुष्कळदा दोन नावं जोडीनं छापलेली असतात, कॅबर्ने आणि शिराज. दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची ही मिश्र वाइन. कॅबर्नेमुळे तुरटपणा येतो, शिराजमुळे ती भरदार होते, असं जाणकार सांगतात. मी ती चाखलेली नाही, चाखणारही नाही. पण फारसी-उर्दू कवितेवर वाढलेला माणूस 'शिराज' शब्द ऐकला की थबकतोच. ते सादीचं गाव, हाफिजचं गाव.

हा हाफिज आपल्या दख्खनला यायला निघाला होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हा गादीवर दुसरा मुहम्मदशहा बहमनी होता (१३७८ ते १३९७). सुलतान कवितेचा शौकीन. दरबारातल्या मीर फजलुल्ला इंजूनं, जो स्वतः शिराजचाच, हाफिजला प्रवासखर्च पाठवून बोलावलं. हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजावर चढला, आणि समुद्र खवळला. कवीनं काहीतरी निमित्त काढलं, किनाऱ्यावर उतरला आणि घरी परतला. दख्खनला पोचली ती त्याची गझल. सुलतान रागावला नाही, उलट त्यानं भेटी धाडल्या. ही हकीकत फिरिश्त्यानं विजापुरात बसून दोनशे वर्षांनंतर लिहिली, तेव्हा थोडा मीठमसाला असेलही.

कवी आला नाही. सहाशे वर्षांनी त्याच्या गावाचं नाव मात्र एका द्राक्षाला चिकटून आलं.

हे द्राक्ष इराणचं, अशी दंतकथा आहे. क्रूसेडहून परतलेल्या एका सरदारानं वेल फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर लावला म्हणे. १९९८च्या सुमारास अमेरिकी आणि फ्रेंच संशोधकांनी डीएनए तपासला तेव्हा आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सचे निघाले. मोंदूझ ब्लांश आल्प्सच्या कुशीतल्या साव्वाची, द्यूरेझा आर्देशची. फ्रान्समध्ये याला 'सिरा' म्हणतात. १८३२मध्ये जेम्स बस्बीनं युरोपातले वेल ऑस्ट्रेलियाला नेले आणि तिथे 'शिराज' हे नाव रुजलं. आपण तेच उचललं. कथा खोटी ठरली याचं मला थोडं वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

कवींची नावं व्यापाराला फार आवडतात. नारायणगावजवळ १९८०च्या दशकात तयार होऊ लागलेली फेसाळ वाइन परदेशात 'ओमर खय्याम' म्हणून विकली गेली. खय्यामला विचारणार कोण? नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली आली, ती पांढरी होती. लाल मागाहून. सह्याद्रीच्या पूर्वेकडे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हे त्या वेलाला मानवलं.

वेल फ्रान्सचा, नाव ऑस्ट्रेलियातून आलेलं. मग इराणचं काय आहे तिथे? नाशिकच्या शेतकऱ्याचं बोलणं ऐका. तो स्वतःला बागायतदार म्हणवतो. त्याची बाग, त्याची जमीन, त्याचा हंगाम, हे सगळे शब्द फारसीतून आले, आणि ते कुठल्याही बाटलीवर छापलेले नाहीत. सप्टेंबरात छाटणी झाली की तो हंगामाचा हिशेब मांडायला घेतो. जानेवारी ते मार्च तोडणी चालते, आणि अवकाळी पाऊस आला तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.