दोन रंगांचा ताल : कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’चा उदय आणि अस्त

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले कॉव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. नोव्हेंबर १९४० मधील जर्मन बाँबवर्षावात त्याचा मध्यभाग आणि तेथील प्राचीन कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर कारखान्यांच्या भरभराटीने शहर पुन्हा उभे राहिले आणि रोजगाराच्या ओढीने आयर्लंड, जमैका व पंजाब येथील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्यांची मुले इंग्रज मुलांच्या शेजारीच वाढली. १९७० नंतर मात्र मोटारधंद्याला उतरती कळा लागली. बेकारी वाढली आणि तिचे खापर ‘नॅशनल फ्रंट’ हा वर्णद्वेषी पक्ष स्थलांतरितांच्या माथी फोडू लागला. ‘द स्पेशल्स’ हा वाद्यवृंद अशा काळात, १९७७ साली, या शहरात जन्मास आला.

त्याचे प्रवर्तक जेरी डॅमर्स हे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांचा जन्म १९५५ साली भारतात, निलगिरीतील उटकमंड येथे झाला आणि पुढे ते कॉव्हेंट्रीत वाढले. गिटारवादक लिनव्हल गोल्डिंग व गायक नेव्हिल स्टेपल हे मूळचे जमैकाचे, तर मुख्य गायक टेरी हॉल हे कॉव्हेंट्रीचेच. एकूण सात जण. दोन कृष्णवर्णीय, पाच श्वेतवर्णीय. जमैकात १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्का’ नावाचे नृत्यसंगीत उदयाला आले होते. त्यात गिटारचा तुटक आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतो आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागतात. डॅमर्स यांनी या तालाला तत्कालीन इंग्रज तरुणांच्या ‘पंक’ संगीतातील वेग व संताप जोडला. दोन समाजांची मुले एकाच तालावर नाचली, तर त्यांना परस्परांविरुद्ध चिथावणे अवघड होईल, हा त्यामागचा विश्वास होता.

१९७९ साली डॅमर्स यांनी ‘टू टोन’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी ही तिची खूण. ‘क्रिसॅलिस’ या मोठ्या कंपनीशी करार केला असला, तरी कोणाची तबकडी काढायची हे ‘टू टोन’च ठरवी. ‘गँगस्टर्स’ या पहिल्याच तबकडीची दुसरी बाजू त्यांनी कॉव्हेंट्रीच्याच ‘द सिलेक्टर’ला दिली. लंडनच्या ‘मॅडनेस’चे पहिले गाणेही येथूनच निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला ‘द स्पेशल्स’चा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला आणि १९८० च्या प्रारंभी त्यांची तबकडी ब्रिटनच्या क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचली. शाळकरी मुलांच्या कोटांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे बिल्ले झळकू लागले.

यशाबरोबर मतभेदही वाढले. अखंड दौऱ्यांनी सारे थकले होते. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी डॅमर्स हॉटेलांत मंद वाजणाऱ्या संगीताच्या वळणाने नवे प्रयोग करू पाहत होते, तर गिटारवादक रॉडी बायर्स यांना पहिला जोमदार बाज सोडणे मान्य नव्हते. बारकाव्यांविषयीच्या डॅमर्स यांच्या आग्रहाने गाणी सुधारली, पण आपला शब्द ऐकला जात नाही ही भावना इतरांत बळावली. बाहेरची परिस्थितीही शांत नव्हती. १९८० साली लंडनमध्ये गोल्डिंग यांच्यावर वर्णद्वेषातून प्राणघातक हल्ला झाला. त्या अनुभवावर त्यांनी ‘व्हाय?’ हे गाणे रचले.

१९८१ च्या वसंतात, लेमिंग्टन गावातील एका छोट्या स्टुडिओत ‘घोस्ट टाउन’ ध्वनिमुद्रित झाले. बंद पडलेल्या नृत्यगृहांचे, ओस पडलेल्या शहराचे ते चित्र. सदस्यांतील ताण तेथे इतका विकोपाला गेला होता की काम पुरे होईल की नाही हीच शंका होती. ते जूनमध्ये प्रसिद्ध झाले. जुलैमध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथसह अनेक शहरांत दंगली उसळल्या, आणि नेमके तेव्हाच हे गाणे अग्रस्थानी जाऊन तीन आठवडे तेथे राहिले. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ते सादर करण्यासाठी सारे जमले असताना हॉल, स्टेपल व गोल्डिंग यांनी वेगळे होत असल्याचे सांगितले. तिघांनी ‘फन बॉय थ्री’ स्थापन केले.

डॅमर्स यांनी उरलेल्यांना व काही नव्या कलावंतांना घेऊन काम चालू ठेवले. १९८४ साली त्यांनी नेल्सन मंडेला यांच्या मुक्तीची मागणी करणारे गीत रचले. मंडेला त्या वेळी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात होते, आणि हे गीत वर्णभेदविरोधी चळवळीचे जणू घोषवाक्य झाले. पुढे २००८ साली जुने सदस्य पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा डॅमर्स मात्र त्यांच्यात नव्हते.

ज्या वाद्यवृंदाने एका अस्वस्थ देशाला एकत्र नाचायला लावले, त्याला स्वतः पाच वर्षेही एकत्र राहता आले नाही. ज्या विचारासाठी सातही जण उभे होते, त्याविषयी त्यांच्यात वाद नव्हता. वाद होता तो रोजच्या कारभाराचा : निर्णय कोणी घ्यावा, थकलेल्याचे कोणी ऐकावे, नव्या वाटेला सर्वांची संमती कशी मिळवावी. कोणतीही संस्था ध्येयाच्या बळावर उभी राहते, पण ती टिकते या लहान गोष्टींच्या आधारावर. द स्पेशल्सना ते साधले नाही. तरीही कॉव्हेंट्रीची ओळख सांगताना आज मोटारींबरोबर त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचाही उल्लेख होतो, आणि ते शहर त्यांचा अभिमान बाळगते.