गिरणगावाची नाडीपरीक्षा

रोग्याची नाडी हाती घेतल्यावर वैद्य त्याला झोप कशी लागते, भूक लागते की नाही, पथ्यपाणी काय चालते, हे विचारतो. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला आणि या जुन्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालण्यास आपल्या व्यवसायबंधूंना सुचवले. तो प्रश्न म्हणजे, ‘तुमचा धंदा कोणता?’ खाणीत उतरणारे, मुलामा चढवणारे, मडकी घडवणारे, जवसाचे तंतू पिंजणारे अशा कितीतरी श्रमजीवी लोकांची त्याने त्यांच्या कामाच्या जागी जाऊन पाहणी केली होती. मनुष्य जेथे पोट भरतो तेथेच पुष्कळदा त्याचे शरीर झिजते, हे त्याच्या ग्रंथाचे सार होय.

हा प्रश्न मुंबईच्या कापडगिरण्यांत कसा विचारला गेला, याचा इतिहास उद्‌बोधक आहे. तेथे तो वैद्यांच्या आधी कामगारांनीच विचारला, हे त्या इतिहासाचे वैशिष्ट्य.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिच्या चात्या फिरू लागल्या. पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग या भागांत गिरण्यांची धुराडी दाटीने उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून, विशेषतः रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून, हजारो माणसे भोंग्याच्या हाकेला ओ देत मुंबईस आली. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवत व मावळत असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. गाठी फोडून कापूस पिंजण्याच्या खात्यात धुळीचे व तंतूंचे धुके सदैव तरंगत असे. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. सुताला मानवणारी हवा माणसाला मानवते की नाही, याचा विचार करण्याचे कोणास कारण वाटले नव्हते.

सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखान्यांसाठी कायद्याचा मसुदा तयार केला. १८८१ साली पहिला कायदा झाला, त्यामागे भूतदयेइतकीच लँकेशायरच्या मालकांना वाटणारी स्पर्धेची चिंताही होती. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयी मात्र तो मुका होता.

ते मौन नारायण मेघाजी लोखंडे यांनी भंग केले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेले आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन करणारे लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला कामाचा शेवट, वेळेवर पगार आणि अपघाताने जायबंदी झालेल्यास साहाय्य, अशा त्यातील मागण्या होत्या. या मागण्या पुन्हा वाचल्या तर असे दिसते की, त्यांतील बहुतेक आरोग्याच्याच मागण्या आहेत. अर्जात औषधाचे नाव नाही. विश्रांती, जेवणाची उसंत आणि उद्याच्या भाकरीची शाश्वती एवढेच त्यांनी मागितले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी नव्या कायद्याने स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली.

सहाच वर्षांनी शहराची दुसरी कसोटी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीचा ताप ओळखला. प्लेगने दाट वस्तीच्या, अंधाऱ्या व कोंदट चाळींत थैमान घातले. लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. रोग्यांची सेवा करीत असता लोखंडे यांना त्याच रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याही प्लेगच्याच सेवेत कामी आल्या. प्लेगमुळे सरकारचे लक्ष घरांकडे गेले आणि १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. परंतु दाट वस्ती पाडणे सोपे आणि तेथून उठलेल्यांना परवडणारे घर देणे अवघड, हा धडा मंडळाला लवकरच मिळाला.

रोग सर्वांना सारखाच लेखतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ही समजूत खोटी ठरवली. त्या साथीत मुंबईत युरोपियन लोकांमध्ये दर हजारी सुमारे ८ माणसे दगावली, इतर हिंदूंमध्ये सुमारे १९, आणि ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातींमध्ये सुमारे ६१. शहर एक, हवा एक, रोगही एक. भेद होता तो खोलीचा, ताटातील अन्नाचा आणि आजारी पडल्यावर अंथरुणावर पडून राहता येण्याच्या सामर्थ्याचा. ज्याचा खाडा म्हणजे उपास, तो तापातही कामावर जातो.

हीच गोष्ट १९२१ च्या बालमृत्यूंच्या आकड्यांत अधिक दारुण रीतीने दिसते. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे १३३ अर्भके मरण पावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हा आकडा आठशेच्या वर गेला. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व त्या जन्मांची नोंद शहरात होत नसे, म्हणून हा आकडा फुगलेला आहे, हे खरे. तथापि ती सूट देऊनही उरणारे अंतर थोडे नाही. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्याने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. कामगार स्त्रियांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जाते, असे तिला आढळले. ‘बाळगोळी’ या लाडक्या नावाखाली ती अफू पोटात जाई. आईला निर्दय म्हणणे सोपे होते. परंतु भोंगा वाजल्यावर आईने गिरणीत जावे आणि मूल दिवसभर निजून राहावे, ही योजना आईने केलेली नव्हती.

गिरणीच्या आतही रोगाची वाट समाजरचनेनेच आखलेली असे. साचेखात्यात धोट्यातील कांडी बदलताना नव्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. खोकल्याच्या व क्षयाच्या दृष्टीने ही रीत घातक होती. परंतु तिची चर्चा झाली ती विटाळाच्या दृष्टीने. अस्पृश्यांचे ओठ धोट्याला लागतील, म्हणून अधिक पगाराचे ते खाते त्यांना बंद ठेवण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. विटाळाला भिणाऱ्या समाजाने क्षयाचे भय बाळगले असते, तर ती रीतच आधी बंद पडली असती. मग एकाला रोग आणि दुसऱ्याला दारिद्र्य अशी वाटणी झाली नसती.

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात प्रसूतीविषयक विधेयकाला आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा संमत झाला. या प्रकारचा हा देशातील पहिला कायदा. बाळंतपणाच्या काळात गिरणीतील स्त्रीला मालकाकडून रोज आठ आणे मिळू लागले. कायदा उत्तम, परंतु त्याचा एक परिणाम कोणाला नको होता तसा झाला. भत्त्याचा भार एकट्या मालकावर असल्याने आणि स्त्रियांना रात्रपाळीस बंदी असल्याने अनेक गिरण्यांनी स्त्रियांना घेणेच कमी केले. आरोग्याचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न अनुत्तरित ठेवून केलेले रक्षण कधी कधी रक्षिताच्याच मुळावर येते. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यामागे, मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून समाईक निधी उभारावा, ही कल्पना होती. तिचे महत्त्व या अनुभवाच्या उजेडात कळते.

आता राहिली ती धूळ. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची ओळख मोठी चमत्कारिक आहे. सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, श्वास अपुरा पडतो. आरंभी आठवड्यातील इतर दिवशी बरे वाटते. वर्षे लोटली की तो आवळ रोजचा होतो आणि अखेर जात नाही. म्हणजे १८९० साली कामगारांनी झगडून मिळवलेला विश्रांतीचा दिवसच पुढे या रोगाचा साक्षीदार ठरला. सुटीच नसती, तर सुटीनंतरचा श्वास कोणी तपासला असता?

भारतीय गिरण्यांत हा विकार विरळा आहे, असे पुष्कळ काळ मानले जाई. पुढे मुंबईतील डॉक्टरांच्या आणि अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहण्यांनी तो समज दूर केला. तो समज टिकला याचे एक कारण गावाच्या वाटेवर सापडते. पाहणी होई ती कामावर असलेल्यांची. ज्याचा दम संपला, तो हिशेब घेऊन कोकणात परते आणि ओसरीवर खोकत दिवस काढी. त्याचे दुखणे गिरणीच्या दप्तरात नसे आणि त्याचा मृत्यू गावच्या पाटलाच्या नोंदवहीत केवळ ‘खोकला’ वा ‘दमा’ म्हणून उरे. गिरणीने श्रम घेतले आणि आजार गावाने सांभाळला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. भोंगे थांबले, म्हणून प्रश्न थांबला असे नाही. यंत्रमागाच्या खोपटांत, दगडखाणींत, बांधकामाच्या धुळीत तो नव्या माणसांच्या श्वासात शिरला आहे. गिरणगावाच्या इतिहासाने एवढे निश्चित शिकवले आहे की, कामगाराचे आरोग्य दवाखान्याच्या दाराशी सुरू होत नाही. ते कामाच्या तासांत, राहण्याच्या खोलीत, हातात पडणाऱ्या मजुरीत आणि समाजाने दिलेल्या जागेत घडते वा बिघडते. रामाझ्झिनीचा प्रश्न वैद्याने रोग्याला विचारायचा होता. लोखंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी तोच प्रश्न फिरवून समाजाला विचारला. आम्हांला हा धंदा कोणत्या अटींवर करावा लागतो? त्याचे उत्तर देणे हेच पहिले औषध होय.