कोनेस्टोगाची कत्तल आणि दोषारोपाचें राजकारण

इ. स. १७६३ च्या डिसेंबरांत पेनसिल्व्हानिया प्रांतांत कोनेस्टोगा गांवच्या वीस इंडियन लोकांची कत्तल झाली. हे लोक शत्रुपक्षाचे नव्हते. लँकेस्टरजवळ राखून दिलेल्या जागेंत झाडू व टोपल्या विकून ते निर्वाह करीत. तारीख १४ रोजीं पॅक्स्टनकडील हत्यारबंद स्वारांनीं गांवावर छापा घालून सहा जणांस ठार केलें. उरलेल्या चौदांस अधिकाऱ्यांनीं रक्षणासाठीं लँकेस्टर येथील कोंडवाड्यांत ठेविलें. तारीख २७ रोजीं तेथें शिरून हल्लेखोरांनीं त्यांसही, मुलांबाळांसकट, कापून काढलें. मृतांच्या सामानांत इ. स. १७०१ मध्यें विल्यम पेन याशीं झालेल्या तहाचा चर्मपत्रावरील लेख निघाला. साठ वर्षें त्यांनीं तो जपून ठेविला होता!

गव्हर्नर जॉन पेन यानें गुन्हेगारांस धरण्याविषयीं जाहीरनामे काढले, परंतु एकावरही खटला झाला नाहीं. उलट फेब्रुवारी १७६४ मध्यें सरहद्दीवरील लोक, शहरांत आश्रयास असलेल्या ख्रिस्ती इंडियनांच्या रोखानें, फिलाडेल्फियावर चालून आले. जर्मनटाउन येथें बेंजामिन फ्रँकलिन वगैरेंनीं भेटून त्यांस परतविलें. मागाहून स्मिथ व गिब्सन यांच्या सहीनें त्यांचें लेखी गाऱ्हाणें दाखल झालें. त्यांतील कांहीं भाग खरा होता. पाँटिअ‍ॅकच्या युद्धांत त्यांचीं घरें जळालीं, माणसें मेलीं. आणि विधिमंडळांत सरहद्दीच्या पांच जिल्ह्यांस दहा जागा, तर जुने तीन जिल्हे व शहर मिळून सव्वीस. पण जागांच्या या वांटणीचा झाडू विकणाऱ्यांशीं संबंध काय? ते शत्रूस आंतून सामील होते, हा आरोप कोणत्याही न्यायालयापुढें सिद्ध झाला नाहीं. एकाच्या अपराधासाठीं साऱ्या जातीचा सूड घ्यावा काय, असें फ्रँकलिननें आपल्या पत्रकांत विचारलें, तें यथार्थच होय.

तथापि त्याचा पक्षही निव्वळ न्यायासाठीं लढत नव्हता. प्रांत पेन घराण्याकडून काढून राजाच्या हवालीं करावा, या मागणीस कत्तलीनें आयतेंच बळ मिळालें. प्रतिपक्षानें सारा दोष क्वेकरांच्या इंडियनधार्जिणेपणावर लोटला. ऑक्टोबर १७६४ च्या निवडणुकींत फ्रँकलिनची जागा गेली. तत्पूर्वीं जुलैंतच, मारेकऱ्यांस पकडण्यासाठीं बक्षीस लावणाऱ्या त्याच गव्हर्नरानें, शत्रु इंडियनांच्या, त्यांत स्त्रियांच्याही, शिराच्या कातड्या आणून देणारांस बक्षीस जाहीर केलें होतें.