आधी चित्रे पाहा

घरातली वस्तू आपण वापरतो, बघत नाही. लोण्याचा साचा हातात असतो तेव्हा लक्ष लोण्याकडे असते. त्याच साच्याचे चित्र समोर आले की कुणीतरी त्यात निगुतीने कोरलेले कमळ किंवा कणीस एकदम डोळ्यांत भरते. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या कलेत नव्याने शिरणाऱ्याला मी म्हणूनच आधी ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ या चित्रसंग्रहाच्या दारात नेऊन उभा करतो.

महामंदीत अमेरिकेतले चित्रकार बेकार झाले होते. १९३५ मध्ये सरकारच्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ने त्यांतल्या काहींना पगारावर घेतले आणि सांगितले, देशातल्या जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रे काढा. कल्पना दोघींची : कापडांवरच्या नक्षीची रचनाकार रूथ रीव्ह्‌ज आणि न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातला चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या रोमाना जाविट्झ. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे तयार झाली. गोधड्या, झिलईच्या बरण्या, बाहुल्या, वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

मग फोटोच का काढले नाहीत? रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग आणि बेभरवशाचे होते, हे खरे. पण चित्रे पाहिल्यावर हे कारण तोकडे वाटते. इजिप्तच्या उत्खननातल्या वस्तू चितारण्याची एक रीत बोस्टनच्या संग्रहालयात रुळली होती. तिथल्या सुझान चॅपमन यांनी ती या चित्रकारांना शिकवली : पातळ जलरंगाचा थर, तो वाळला की त्यावर दुसरा, असे करत लोकरीचा खरखरीतपणा कागदावर उतरेपर्यंत. स्वतःची शैली मिरवायची नाही. टवका उडालेला असेल तर तोही काढायचा. सगळे जग अमूर्ताकडे धावत असताना एका बरणीपुढे दिवसचे दिवस बसणे, हा हट्टच म्हणायचा! माझ्या मते या चित्रांची खरी मोहिनी त्या हट्टात आहे.

संग्रह निर्दोष नाही. मूळ अमेरिकी जमातींच्या वस्तू त्यातून वगळल्या गेल्या. ‘अमेरिकन’ या शब्दाचा अर्थ तिथे फारच आखडला.

रीव्ह्‌ज पुढे १९५६ मध्ये भारतात आल्या. इथल्या मेणसाच्याच्या ओतकामावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९६२ मध्ये निघाले आणि १९६६ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले. या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यांच्याविषयी आहे. वाचकाला विनंती एवढीच : प्रकरणे हव्या त्या क्रमाने वाचा, पण प्रत्येक ठिकाणी चित्र आधी पाहा, मजकूर मागून.