आडनाव बदलीन!

पैज लावताना आपण म्हणतो, 'खोटं निघालं तर नाव बदलीन.' कोरियातला माणूस म्हणतो, 'आडनाव बदलीन.' ऐकायला फरक थोडा, पण तिथे ही जडच शपथ. आता गंमत पाहा. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियात दर पाच माणसांत एक किम होता. किम, ली आणि पार्क मिळून जवळजवळ निम्मा देश. सोलच्या नामसान टेकडीवरून दगड भिरकावला तर तो किमलाच लागतो, असं तिथलेच लोक हसून सांगतात. (फेकणाराही बहुधा किमच!)

आणि बहुतेक किम स्वतःला राजवंशातले म्हणवतात. जुन्या कोरियात मात्र गुलामांना आणि पुष्कळ गोरगरिबांना आडनावच नव्हतं. १८९४ मध्ये उच्चनीचतेचे कायदे मोडले, १९०९ मध्ये कुटुंबनोंदणी सुरू झाली, तेव्हा अनेकांनी थोरामोठ्यांची आडनावं उचलली. वंशावळी तर त्याआधीच विकत मिळत. मला यात लबाडी दिसत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसती हाक मारली गेली, त्याने आडनाव घ्यायचंच तर राजाचं का घेऊ नये?

मग १९४० मध्ये जपानी सत्तेचं फर्मान आलं : जपानी पद्धतीची नावं घ्या. कागदावर ऐच्छिक, प्रत्यक्षात नकार देणाऱ्याची शाळेपासून शिध्यापर्यंत अडवणूक. सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के घराण्यांनी नावं बदलली. शपथेतली नामुष्की सरकारने घरोघर पोचवली. दक्षिणेत ती नावं परत मिळाली १९४६ मध्ये.

चिनी माणूस म्हणतो, 'आडनाव उलटं लिहीन.' यात वांग मंडळी सुखी. 'राजा' अर्थाचं त्यांचं अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. उलटं केलं तरी तेच!

पण सगळेच इतके नशीबवान नसतात. लू शुन यांची आह क्यूची कथा १९२१ मध्ये बीजिंगच्या एका दैनिकात सुरू झाली, तीही विनोदाच्या सदरात. मजूर आह क्यू दारूच्या भरात सांगतो, मीही झाओच, गावच्या झाओ मालकांचा भाऊबंद. मालक त्याच्या थोबाडीत मारतात : तुझी लायकी आहे का झाओ असण्याची? इनामदार, देशमुख आडनावाचा मुसलमान भेटला की आपल्याकडे ज्या भुवया उंचावतात, त्या पाहिलेल्या मला ही थप्पड ओळखीची वाटते. आह क्यू गाल चोळत बाहेर येतो. गावचा चौकीदारही त्याला दटावतो आणि वर दारूसाठी दोनशे नाणी उकळतो. त्यानंतर त्याच्या आडनावाचा विषय गावात कुणी काढत नाही. कथा सांगणाऱ्यालाही ते शेवटपर्यंत ठाऊक नसतं.