दंतोपचारानंतरच्या मुखनिगेचा इतिहास : स्वारगेट परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दात काढणे, दाढेत चांदी वा सिमेंट भरणे, रूट कॅनाल करणे, दातांवरील कीटण काढणे व कवळी बसविणे हे उपचार आज सर्वसामान्य कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहेत. दंतवैद्यकाच्या इतिहासलेखनात शोध, उपकरणे आणि शिक्षणसंस्था यांना मानाचे स्थान लाभले. उपचारानंतर रुग्णाने तोंडाची घ्यावयाची काळजी मात्र त्या इतिहासात दुर्लक्षित राहिली. वस्तुतः दाढ काढण्याचे काम काही मिनिटांत आटोपते आणि जखम भरून येण्याचे काम पुढे कित्येक दिवस रुग्णाच्या घरी चालू राहते. त्यामुळे उपचाराचे यश मोठ्या प्रमाणावर रुग्ण घरी काय करतो यावर अवलंबून असते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुण्यातील स्वारगेट हा परिसर उपयुक्त ठरतो. सातारा रस्ता, सोलापूरकडे नेणारा शंकरशेठ रस्ता, टिळक रस्ता आणि शिवाजी रस्ता यांना जोडणाऱ्या देशभक्त केशवराव जेधे चौकालगत येथील एस.टी. स्थानक आहे. भोर, सासवड, सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या भागांतील प्रवासी येथे उतरतात आणि येथूनच परततात. उपचार शहरात आणि निगा गावात, अशी विभागणी या ठिकाणी स्पष्ट दिसते. मुखनिगेच्या सूचना कशा घडत गेल्या व त्या दूरच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यात कोणत्या अडचणी येतात, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्राचीन ग्रंथांतील मुखनिगा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखरोगांची चिकित्सा आली आहे. अधिकचा दात काढल्यानंतर त्या जागी अग्निकर्म करावे, असे तेथे सांगितले आहे. वरच्या जबड्यातील दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, कारण अतिरक्तस्रावातून दृष्टिनाश व अर्दित, म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात, संभवतो, असा इशाराही आहे. त्यामागील कारणमीमांसा आज ग्राह्य मानली जात नाही. तथापि दात काढल्यानंतरचा रक्तस्राव ही गंभीर बाब आहे, याची जाण त्यातून दिसते.

याच अध्यायात दंतरोग्याने आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दंतधावन आणि अतिकठीण पदार्थ वर्ज्य करावेत असे पथ्य दिले आहे. गंडूष व कवल यांतील भेदही सुश्रुताने केला आहे. द्रव तोंडात इतका भरावयाचा की तो हलविता येऊ नये, तो गंडूष. आणि तोंडात खेळविता येईल इतका घ्यावयाचा, तो कवल. वाग्भटाने अष्टांगहृदयात गंडूषाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांपैकी ‘रोपण’ हा व्रण भरून आणण्यासाठी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील पथ्य दंतरोग्यांसाठी सर्वसामान्य स्वरूपाचे आहे. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचे ते वेळापत्रक नव्हे. दाढ काढल्यावर थंड पदार्थ घेण्याचा आजचा सल्ला आणि थंड पाणी वर्ज्य करणारे हे पथ्य यांत वरवर विरोध दिसतो. मात्र पहिला सल्ला ताज्या जखमेतील रक्तस्राव व सूज यांसाठी आहे, तर दुसरे पथ्य दुखऱ्या दातांच्या रुग्णासाठी आहे. प्राचीन ग्रंथांत आधुनिक नियम शोधण्यापेक्षा प्रत्येक नियमाचा संदर्भ पाहणे अधिक फलदायी ठरते.

वेदनाशमन आणि गुठळीचे महत्त्व

अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा आणि विल्यम मॉर्टन याने १८४६ मध्ये ईथरचा वापर केला. १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग सुरू झाला व १९०५ मध्ये प्रोकेन उपलब्ध झाले. वेदना आटोक्यात आल्यामुळे दात काढणे सुसह्य झाले. त्याचबरोबर निगेचा एक नवा नियमही जन्माला आला. ओठ व गाल बधिर असेपर्यंत चावून खाऊ नये आणि गरम पदार्थ घेऊ नयेत, हा तो नियम. बधिरीकरणापूर्वीच्या काळात त्याची गरजच नव्हती.

१८९६ मध्ये जेम्स क्रॉफर्ड याने दात काढल्यानंतर उद्भवणाऱ्या एका तीव्र वेदनेच्या विकाराचे वर्णन केले. इंग्रजीत त्यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दात निघाल्यावर रिकाम्या खळग्यात रक्ताची गुठळी तयार होते. ती उघड्या हाडाचे व मज्जातंतूंच्या टोकांचे रक्षण करते आणि तिच्या आधाराने नवी पेशीजाले वाढतात. गुठळी निसटली किंवा अकाली विरघळली, तर हाड उघडे पडते आणि बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे अधिक घडते. १९७० च्या दशकात हेनिंग बिर्न याने गुठळी विरघळण्याच्या प्रक्रियेची मीमांसा केली. आजच्या बहुतेक सूचनांचे मूळ या एका गुठळीच्या रक्षणात आहे.

१९४८ : कायदा, औषध आणि एस.टी.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. या इतिहासात १९४८ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी दंतवैद्यक कायदा होऊन व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक ठरली. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन याने १९४३ मध्ये तयार केलेले लिडोकेन त्याच वर्षी बाजारात आले. तसेच १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली.

या तीन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि नोंदणीकृत दंतवैद्य, भरवशाचे बधिरीकरण आणि त्याच दिवशी गावी परतण्याची सोय यांच्या संगमातून एका नव्या प्रकारचा रुग्ण घडत गेला. तो सकाळी शहरात येतो, दाढ काढून घेतो आणि संध्याकाळच्या आत घरी पोहोचतो. स्वारगेटपासून दक्षिणेस सातारा रस्त्यावर धनकवडी येथे १९८९ मध्ये भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय सुरू झाले आणि या दिशेने येणाऱ्या रुग्णांना उपचाराचे आणखी एक केंद्र उपलब्ध झाले.

प्रवासातील रुग्ण

लिडोकेनबरोबर बहुधा अ‍ॅड्रेनलिन दिले जाते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व खुर्चीवरून उठताना रक्त थांबल्यासारखे दिसते. काही वेळाने तो परिणाम ओसरला की जखम पुन्हा किंचित पाझरू लागते. स्वारगेटहून निघालेला रुग्ण तोवर कात्रजचा घाट ओलांडून गेलेला असतो. लाळेत मिसळलेले थोडे रक्तही पुष्कळ वाटते. रुग्ण घाबरतो, खिडकीतून वारंवार थुंकतो आणि बस थांबली की चूळ भरतो. रक्त दिसताच तोंड खंगाळून टाकणे ही स्वच्छतेच्या संस्कारातून आलेली स्वाभाविक कृती आहे. परंतु नेमकी तीच गुठळीला मारक ठरते.

म्हणूनच कापसाचा वा गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा, लाळ गिळावी, थुंकू नये, २४ तास चूळ भरू नये आणि नळीने पेय ओढू नये, अशा सूचना दिल्या जातात. रक्त पुन्हा येऊ लागल्यास स्वच्छ बोळा ठेवून दाब देणे हाच प्रथमोपचार होय. दाब देऊनही रक्त न थांबणे, ताप येणे, सूज वाढत जाणे किंवा गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता दंतवैद्याकडे वा जवळच्या रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

घरगुती रीती : मीठ, लवंग आणि मिश्री

महाराष्ट्रातील घरगुती उपायांचा आधुनिक निगेशी असलेला संबंध एकसारखा नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दंतवैद्यकाने स्वीकारल्या; मात्र त्यांची वेळ बदलली. त्या पहिल्या दिवसानंतर आणि हलक्या हाताने करावयाच्या असतात. १९५० च्या दशकात पुढे आलेल्या क्लोरहेक्सिडीनमुळेही ही रीत मागे पडली नाही. किडलेल्या दाढेवर लवंगेचे तेल लावण्याची प्रथा जुनी आहे व त्यातील युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. तथापि ताज्या खळग्यात घरीच लवंगतेल, हळद वा तुरटी भरल्यास दाह होतो आणि गुठळी बिघडू शकते. खिमट, पेज, ताकभात व मुगाची पातळ खिचडी हा आजारपणातील आहार कोमट वा गार करून घेतल्यास पहिल्या दिवसांत योग्य ठरतो.

सर्वांत बिकट प्रश्न मिश्रीचा आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासली जाते. ग्रामीण स्त्रियांमध्ये ती विशेष रूढ आहे. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये भारतात बंदी आली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री मात्र चालू राहिली. अनेक स्त्रिया तिला व्यसन न मानता दात घासण्याचे साधन मानतात. त्यामुळे ‘तंबाखू टाळा’ ही सूचना त्यांना आपल्यासाठी आहे असे वाटत नाही, आणि ‘तोंड स्वच्छ ठेवा’ ही सूचना तर त्या मिश्री लावूनच पाळतात. सूचनेत ‘मिश्री’ हा शब्द स्पष्टपणे नसेल, तर ती रुग्णापर्यंत पोहोचूनही निष्फळ ठरते.

अन्य उपचारांनंतरची निगा

चांदी भरल्यानंतर २४ तास त्या बाजूने चावू नये हा नियम मिश्रधातू घट्ट होण्यास लागणाऱ्या वेळातून आला. प्रकाशाने घट्ट होणारे दातांच्या रंगाचे सिमेंट आल्यावर ही प्रतीक्षा उरली नाही. पारायुक्त चांदीचा वापर कमी करण्याचे धोरण २०१३ च्या मिनामाता करारानंतर पुढे आले. रूट कॅनालमध्ये दुखणे थांबले की उपचार संपला असे समजून अनेकजण कायमचे भरण वा टोपी बसवून घेण्यास परत येत नाहीत आणि ठिसूळ दात चावताना तुटतो. कीटण काढल्यावर काही दिवस दात शिवशिवतात. त्यावरून दात सैल झाले असा गैरसमज पसरतो. नव्या कवळीने हिरडीवर जखम झाल्यास ती घरी घासून न घेता दंतवैद्याकडूनच नीट करून घ्यावी लागते.

निष्कर्ष

मुखनिगेच्या सूचना एकाच काळात वा एकाच शास्त्रात निर्माण झालेल्या नाहीत. बधिरीकरण, गुठळीविषयीचे ज्ञान, भरणाची द्रव्ये आणि घरगुती अनुभव या सर्वांचे थर त्यांत साठले आहेत. नोंदणी, शिक्षण व नियमन यांचा पाठपुरावा १९४८ च्या कायद्यापासून २०२३ च्या राष्ट्रीय दंतवैद्यक आयोग कायद्यापर्यंत झाला. परंतु सूचना रुग्णाच्या भाषेत व त्याच्या प्रवासाच्या संदर्भात देण्याकडे तितके लक्ष गेले नाही. २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली आणि शहरातील प्रवास सुलभ झाला. भोर वा साताऱ्याकडे निघालेल्या रुग्णासाठी मात्र पहिली रात्र आजही दंतवैद्यापासून दूरच जाते. त्या रात्री त्याच्याजवळ असते ती केवळ मिळालेली सूचना. ती स्पष्ट मराठीत, थुंकणे, चूळ आणि मिश्री यांचा नामनिर्देश करून, रुग्णासह सोबतच्या माणसालाही समजावून देणे हा उपचाराचाच एक भाग मानला जाणे आवश्यक आहे.